दहापासून टेप धरणारा पोरगा गणितात नापास का होतो?

जुन्या कपाटाचं दार बदलायचं होतं म्हणून नागपूरच्या पाचपावलीतल्या एका फर्निचरच्या दुकानात सांगून आले होते. माप घ्यायला पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा घरी आला. त्यानं टेप काढली, पण टेपचं टोक दाराच्या कडेला लावलंच नाही. दहाचा आकडा कडेवर धरला, दुसऱ्या कडेला ७१.४ वाचलं आणि चिठ्ठीवर लिहिलं ६१.४.

"असं का रे मोजतोस?"

"टोकाची कडी ढिली झाली ना जी मॅडम. दोन-तीन मिलीमीटर खाऊन टाकते. म्हणून दहापासून धरायचं अन् मग दहा काढून टाकायचे."

बोलता बोलता कळलं, नववीत शाळा सुटली. गणितात गेला, वर्ष वाया गेलं, मग तो शाळेत फिरकलाच नाही. मी सव्वीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं. नववीच्या भूमितीचा पहिलाच धडा काय आहे? संख्यारेषेवर दोन बिंदू, दोघांचे निर्देशक दिलेले, त्यांच्यातलं अंतर काढा. मोठ्यातून लहान वजा करायचा, झालं. तो पोरगा माझ्या घरात उभा राहून नेमकं तेच करत होता, आणि तेच कागदावर विचारल्यावर नापास झाला होता. त्या दिवसापासून मला याचा विचार सोडवत नाही.

ही एकट्या त्याची गोष्ट नाही. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२३ साली देशातल्या २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या सुमारे ३५ हजार मुलामुलींना पट्टीनं लांबी मोजायला सांगितली होती. वस्तूचं टोक शून्यावर होतं तेव्हा ८५ टक्के मुलांना जमलं. वस्तू थोडी पुढे सरकवली, शून्यावरून हलवली, की जमणारे उरले ३९ टक्के. आमचा पोरगा या ३९ टक्क्यांतला. मग वर्गात तो 'ढ' कसा ठरला?

याचं उत्तर बरंच शोधलं गेलंय. १९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या पाच मुलांवर एक छोटा पण गाजलेला अभ्यास झाला. गिऱ्हाईक म्हणून जाऊन हिशेब विचारले तर ९८ टक्के उत्तरं बरोबर. तसेच हिशेब नुसत्या आकड्यांत कागदावर दिले तर ३७ टक्के. पुढे २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४०० हून जास्त मुलांना तपासलं. मुलं तोंडी हिशेब झटकन करायची, शाळेच्या पद्धतीनं मांडलेली साधी वजाबाकी-भागाकार मात्र अडायचे. आणि उलटंही दिसलं. शाळेत नियमित जाणाऱ्या मुलांना पुस्तकातली गणितं बऱ्यापैकी यायची, बाजारातला हिशेब तोंडी यायचा नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा, कारण 'प्रत्यक्ष कामातून शिक्षण' म्हटलं की लोकांना वाटतं, पोराला कामाला लावलं की शिक्षण आपोआप होतं. तसं होत नाही. हाताला आलेलं गणित आपल्या पायांनी चालत वहीत जात नाही, आणि वहीतलं हातात उतरत नाही. मधे नाला आहे, आणि त्यावर कुणीतरी पूल बांधावा लागतो. पूल बांधणारं माणूस नसेल तर एकीकडे बालमजुरी उरते आणि दुसरीकडे पाठांतर.

पूल म्हणजे काय, ते एका रविवारचं सांगते. मी आता आमच्या भागात आठ-दहा मुलांना घेऊन बसते, त्यात तो पोरगाही असतो. त्या दिवशी अपूर्णांकांची बेरीज होती. फळ्यावर लिहिलं, तीन छेद चार अधिक पाच छेद आठ. सगळे गप्प. एकानं वर तीन आणि पाच आठ, खाली चार आणि आठ बारा करून 'आठ छेद बारा' सांगितलं. वर्गात निम्मी मुलं हेच करतात. मी फळा पुसला आणि आमच्या टेपवाल्या पोराला विचारलं, "पाऊण इंचाची फळी आणि पाच सुताचं प्लाय एकावर एक ठेवलं तर जाडी किती?"

"एक इंच तीन सूत." विचारून संपायच्या आत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सुतार-मिस्त्री लोक इंचाचे आठ भाग करतात, त्या एका भागाला सूत म्हणतात. "कसं काढलंस?" तर म्हणाला, "पाऊण म्हणजे सहा सूत. सहा अन् पाच अकरा. आठाचा एक इंच गेला, तीन उरले." मी तेच त्याच्या शब्दांत फळ्यावर लिहिलं. सहा सूत. मग त्याखाली सहा छेद आठ. अकरा सूत, खाली अकरा छेद आठ. मग म्हटलं, तू पाऊणचे सहा सूत केलेस ना, त्यालाच पुस्तकात 'छेद समान करणे' म्हणतात. तो फळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "एवढंच होतं काय?" त्या 'एवढंच'मध्ये मला जरा रडू आलं, कारण एवढंच न सांगितल्यामुळे त्याचं एक वर्ष गेलं होतं, आणि सांगण्याचं काम माझ्यासारख्यांचं होतं.

पण इथे थांबून चालत नाही, आणि उत्साहात बरेच जण इथेच थांबतात. पुढची पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. आता फळी नाही, प्लाय नाही, सूत नाही. नुसतं दोन छेद तीन अधिक एक छेद पाच. इथे सुताची युक्ती चालत नाही, तिसऱ्या आणि पाचव्या भागाला दुकानात नाव नाही. पण 'दोघांना एकाच मापात आणा' ही कल्पना चालते. ती उचलायला त्या पोराला तीन रविवार लागले. क्रम तोच ठेवायचा. आधी हातातलं काम, मग ते स्वतःच्या बोलीत सांगणं, मग त्याचं चित्र, मग पुस्तकातला शब्द, आणि शेवटी ते सामान बाजूला सारून कोरं गणित. उलट्या क्रमानं, म्हणजे आधी सूत्र आणि मग 'उपयोग', असं मी सव्वीस वर्षं केलं. मागच्या बाकावरच्या मुलांपर्यंत ते पोचलं नाही, हे मला आता दिसतं.

भाषेचंही असंच. दहावीच्या मराठीत मागणीपत्र असतं. "पुस्तकांची मागणी करणारे पत्र लिहा" म्हटलं की मुलं ठोकळेबाज दोन ओळी लिहून पेन ठेवतात. दुकानासाठी प्लाय मागवायचंय, कुठली जाडी, किती नग, कधीपर्यंत, आणि मागच्या वेळी दोन नग फुगलेले आले होते ते बदलून हवेत, हे लिहायला सांगितलं तर पान भरतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतात. त्या नंतर काढता येतात, आधी पान तर भरू द्या.

हातकाम धरून ठेवतं ते का, यावर मला एक कारण सगळ्यांत खरं वाटतं. चूक लगेच कळते आणि चूक कुणी माणूस सांगत नाही, वस्तू सांगते. चौकटीचे दोन कर्ण सारखे आले नाहीत तर ती गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत, दार घासणार. लाल शाईचा शेरा महिन्यानं येतो आणि तो पोराला आपल्यावरचा शेरा वाटतो. घासणारं दार अपमान करत नाही. ते उतरवून रंधा मारता येतो. ज्या मुलानं घरात आणि शाळेत 'तुला काही येत नाही' एवढंच ऐकलंय, त्याला चूक दुरुस्त करता येते हे पहिल्यांदा कळण्याची जागा बहुधा वर्गाबाहेरच असते.

नागपूरला हे पाहायचं असेल तर अपूर्व विज्ञान मेळाव्यात जाऊन यावं. महापालिकेच्या शाळांतली मुलं टेबलामागे उभी असतात. बाटल्या, फुगे, स्ट्रॉ, आरसे, चुंबक, असल्या घरगुती सामानाचे प्रयोग ती स्वतः करून दाखवतात आणि आलेल्या मोठ्या माणसांना समजावून सांगतात. जी पोर वर्गात नाव विचारलं तरी खाली बघते, ती शंभराव्या माणसाला तोच प्रयोग सांगताना पहिल्यापेक्षा चांगला सांगते.

आता शाळा सुटते कशी, ते बघू. ती एका दिवसात सुटत नाही. आई धुण्याभांड्याला जाते, धाकटं आजारी पडतं, थोरली चार दिवस घरी राहते. परत येते तोवर धडा पुढे गेलेला. किंवा बाप कळमन्याला हमाली करतो, त्याचा हात दुखावतो, पोरगा आठ दिवस जाऊन येतो. मग मागचा बाक, मग 'उभं राहून वाच' म्हटल्यावर येणारी लाज, मग पोटदुखी, मग नाव पटावर आणि मूल बाहेर. कुणाला अक्षरं उलटसुलट दिसतात, अध्ययन अक्षमता असते, आणि ती कुणी तपासलेलीच नसते. तपासली आणि प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण हे घरी कुणाला ठाऊक नसतं.

कायद्याचीही एक फट आहे. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क ६ ते १४ वयापुरता. पोरगा आठवी संपवतो, चौदा पुरे होतात, आणि नेमक्या त्या वयात कायद्याचा हात सुटतो. 'असर'च्या त्याच पाहणीत १४ व्या वर्षी शिक्षणाबाहेर असलेली मुलं ३.९ टक्के होती, १८ व्या वर्षी ३२.६ टक्के. गळती इथे, या चार वर्षांत आहे.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगते. ताजबागकडून एक मुलगी यायची, फॉल-पिकोचं काम करायची, हात फार सफाईदार. तिला घेर आणि त्रिज्या मी घागऱ्यावरून शिकवत होते, छान चाललं होतं. वर्ग मात्र संध्याकाळी सातला ठेवला होता, मला सोयीचं म्हणून. अंधार पडल्यावर तिला एकटीला परतू देत नव्हते घरचे. दोन महिन्यांनी ती यायची बंद झाली. तेव्हा कुठे मी वर्ग दुपारी दोनला आणला, पण तोवर तिचं येणं तुटलं होतं. शिकवण्याची पद्धत कितीही चांगली असो, वेळ आणि रस्ता मुलीचा नसेल तर ती पद्धत मुलांपुरतीच राहते.

मजुरी आणि शिक्षण यांतला फरक ओळखायचा कसा, हे पालक नेहमी विचारतात. आधी कायदा बघा. १४ च्या आत कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आहे, घरच्या कामात शाळा सांभाळून मदत केली तर तेवढी सूट. १४ ते १८ मध्ये धोकादायक काम चालत नाही. त्यापुढचं मी असं बघते. पोरगा सहा महिने फक्त झाडू मारतोय आणि चहा आणतोय का? की दर थोड्या दिवसांनी नवं काही हातात येतंय? पेन्सिल त्याच्या कानावर आहे की मालकाच्याच? त्याला 'का' विचारता येतं का? आणि परीक्षेच्या दिवसांत सुटी मागितली तर मालक काय म्हणतो? आमच्या पोराचा मालक म्हणाला, "जाऊ दे, पास झाला तर माझंच बिल नीट लिहील." असा माणूस भेटणं नशिबाचा भाग झाला आहे, तो नशिबाचा राहू नये.

आणि आता तो प्रश्न, जो नागपुरात विचारला जाणारच आणि विचारलाच पाहिजे. पोराच्या आईनं मला स्पष्ट विचारलं, "मॅडम, आमच्या बुढ्यानं मिलमध्ये जिंदगी घातली. बाबासाहेबांनी शिका म्हटलं ते खुर्चीवर बसायला. तुम्ही पुन्हा आमच्याच पोराच्या हातात करवत देऊन राहिल्या काय?" ज्या शहरात १९५६ साली लाखो माणसांनी दीक्षा घेऊन जन्मानं लादलेलं सारं झुगारलं, तिथे या प्रश्नाला तोंडदेखलं उत्तर देऊन चालत नाही.

इतिहासात दोन्ही वाटा दिसतात. नागपूरहून ऐंशीएक किलोमीटरवर वर्ध्याला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी तिथे मांडलं की सात वर्षांचं शिक्षण मोफत, सक्तीचं, मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती असावं. झाकीर हुसेन समितीनं त्याचा आराखडा केला. तीच नई तालीम. त्यातली कळीची गोष्ट म्हणजे ती सगळ्यांच्या मुलांसाठी होती. सेवाग्रामच्या आवारात २००५ पासून पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं बागकाम, स्वयंपाक, शिवण यांतून शिकतात. दुसरी वाट मद्रासची. १९५३ मध्ये तिथले मुख्यमंत्री राजाजी यांच्या सरकारनं प्राथमिक शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा असं ठरवलं. घरचा धंदा म्हणजे जातीचा धंदा, हे लोकांनी लगेच ओळखलं. पेरियारांसह मोठा विरोध झाला आणि १९५४ मध्ये त्यांच्यानंतरचे मुख्यमंत्री कामराज यांनी ती योजना मागे घेतली.

मी त्या आईला म्हटलं, ताई, तुमचा संशय बरोबर आहे. हातकाम फक्त नापासांना आणि झोपडपट्टीतल्यांना, पुस्तक फक्त सिव्हिल लाइन्सवाल्यांना, असं झालं तर ते मद्रासचंच झालं. करवत डॉक्टरच्या पोरानंही धरावी. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या सगळ्या मुलांना दहा दिवस दप्तराविना, सुतार-माळी-कुंभार अशा कारागिरांकडे शिकायला पाठवावं असं म्हटलंय. दहा दिवस फार थोडे, पण 'सगळ्या' हा शब्द मोलाचा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबाग यांनी १९८३ पासून जे सुरू केलं, त्यातून पुढे शाळांसाठीचा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आला. आठवड्यातला एक दिवस शेती, अभियांत्रिकी, ऊर्जा आणि गृह-आरोग्य यांचं प्रत्यक्ष काम, गावात लागणाऱ्या वस्तू करून देणं, आणि हे सगळं बोर्डाच्या चौकटीत. करवतीनं दुसरं दार बंद होता कामा नये. पोराला उद्या डिप्लोमा करायचा असो की वकिली, दहावीचा कागद हातात हवाच. म्हणूनच मी लाकूड बाजूला सारून कोरं गणित करून घेते.

कागदाच्या वाटा आहेत, आणि त्या सांगायला शाळेत सहसा कुणी थांबत नाही. शाळा सुटली असली तरी सतरा नंबर फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. पाच वर्षांची मुदत मिळते, एकेक विषय काढत जाता येतो. कामावर जाणाऱ्या पोराला हे मला जास्त सोयीचं वाटतं. आयटीआयला काही ट्रेड असे आहेत जिथे दहावी नापासालाही प्रवेश मिळतो. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी. एसटीची हिंगण्याची मध्यवर्ती कार्यशाळा आपल्याच गावात आहे. आई किंवा वडील गेलेले असतील तर बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात, त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करायचा. मूल संकटात दिसलं तर १०९८. फॉर्म भरताना बरोबर जा. नुसती माहिती देऊन मुलं जात नाहीत. सेतू केंद्रातली रांग, आधारवरच्या नावातली चूक, जुन्या शाळेतला दाखला, या तीन ठिकाणी मी धडधाकट पोरं रडकुंडीला आलेली पाहिलीत.

आमच्या पोरानं सतरा नंबर भरला. मार्चमध्ये मराठी, हिंदी निघाले, गणित राहिलं. मालकानं चिडवलं, आई गप्प झाली, मीही दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. पुरवणी परीक्षेला तो पुन्हा बसला. पेपर सुटल्या सुटल्या त्याचा फोन आला, मागे मोटारींचे हॉर्न, धाप लागलेली.

"मॅडम, टेपवालं आलं होतं. पण एक बिंदू उणे तीनवर होता."

"मग?"

"मग काय. टेप शून्याच्या मागं गेली समजलो. तीन मिळवले."